सहोदराची क्षेत्रमर्यादा

साखरखेर्ड्यात कोणाच्या घरी मृत्यू झाला, की घरची माणसे एकाला सरणाच्या लाकडांसाठी पिटाळीत आणि दुसऱ्याला महादेवरावगुरुजींकडे. भडाग्नी दिल्यानंतर सरण नीट धरेपर्यंत मंडळींनी मसणवाट्यातल्या टिनाच्या शेडखाली बसावे आणि गेलेल्या माणसाविषयी कोणीतरी चार शब्द बोलावे, हा या भागातला रिवाज. इतर गावी हे काम एखादा पुढारी उभ्याउभ्या उरकतो. साखरखेर्ड्यात मात्र ती श्रद्धांजली ऐकण्यासाठी शेजारच्या खेड्यांतून माणसे येत. गुरुजी उभे राहिले, डोळे मिटून एक श्वास घेतला आणि ‘दैवगतीची अतर्क्यता’ असे पहिले पद उच्चारले, की तंबाखू मळणारे हात थांबत. “मरावं तं गुरुजी गावात असतानी मरावं,” असे पारावरची म्हातारी माणसे हसत म्हणत, आणि त्यात थट्टेइतकीच इच्छाही असे.

गुरुजी जन्माने शेतकऱ्याचेच. लहानपणी वडिलांनी त्यांना मेहकरला एका शास्त्रीबुवांच्या पाठशाळेत ठेवले. तेथे पहाटेच्या अंधारात कोश पाठ करताना त्या मुलाला असे वाटले, की आपल्या वाट्याला जमीन थोडी आली असली तरी हे वैभव अमाप आहे आणि ते कोणी वाटून मागणार नाही. पुढे त्यांनी मेहकरच्याच एका शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवले. एसटीने जाऊन-येऊन नोकरी केली, पण वाणीला रस्त्याची धूळ कधी लागू दिली नाही. साधा शब्द जिभेवर आणणे त्यांना स्नानावाचून देवळात शिरण्यासारखे वाटे. बाजारात भाजी विकणाऱ्या करिष्माला ते गंभीरपणे विचारीत, “या वृंताकांस कीटकबाधा तर नाही ना?”

“गुरुजी, हे वांगे हायेत,” ती पोर म्हणे.

“तेच म्हणतो मी.”

घरी आल्यावर विमलबाई पिशवी रिकामी करताना म्हणत, “अहो, वांगं म्हना ना. ते पोरगी दर बाजाराले घाबरते, का आपल्या मालात काय निघालं म्हून.” गुरुजी मंद हसत. पत्नीच्या बोलीवर त्यांचा राग नव्हता. ती बोली आपली नव्हे, एवढेच त्यांनी फार पूर्वी ठरवून टाकले होते.

थंडी सरत आली होती. शेतात हरभरा घाट्यांनी भरला होता. अशा एका दुपारी गुलाबरावांनी गुरुजींना बोलावून घेतले. गुलाबराव हे त्यांचे बालपणापासूनचे स्नेही. गावात गुरुजींना ‘महादू’ म्हणणारा तो एकच माणूस उरला होता. पोटाच्या आजाराने तो धिप्पाड देह बाजेवर पार वाळून गेला होता. त्यांच्या पत्नीने, रुख्मिणीबाईंनी, चहा आणून दिला. गुलाबराव म्हणाले, “तू जाय जराशी आत. आमाले बोलायचं हाय.” त्या गेल्यावर त्यांनी विचारले, “महादू, माह्या मसणात तू काय बोलशीन?”

“असे अमंगळ उच्चारू नये, गुलाबराव. आपणांस दीर्घायुरारोग्य...”

“ते राहू दे बे. डाक्तरनं माह्या राजकुमारले बाहीर नेऊन सांगतलं. मले समजते. आजवर साऱ्यायच्या मसणात तुझं भाषण म्या आयकलं. माह्या वाट्याचं तेवढं मले आयकू येनार नाही. म्हून आताच म्हन.”

गुरुजींना ही मागणी विचित्र वाटली, पण स्नेह्याचा शब्द मोडवेना. त्यांनी डोळे मिटले आणि हलक्या स्वरात आरंभ केला. कृषिकर्मधुरंधर, निगर्वी, आतिथ्यशील, अजातशत्रू...

“थांब. अजातशत्रू म्हंजे?”

“ज्याला शत्रूच उत्पन्न झाला नाही असा पुरुष.”

“हे तू भगवानरावलेही म्हनलं होतं. त्याची तं मरेस्तोवर कोर्टात तारीख चालू होती.”

गुलाबरावांना हसू आले, मग खोकला आला. तो ओसरल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू परतले नाही. “अन् मले हाय ना दुश्मन. सख्खा भाऊ,” ते म्हणाले.

या भावाची, उकंडरावांची, गोष्ट गावाला ठाऊक होती. निदान गावाला तसे वाटत होते. भावाभावांच्या शेतांमध्ये एक धुरा होता, म्हणजे दोन वावरांच्या मधली बांधाची पट्टी, आणि तिच्यावर वडिलांनी पुरलेले दगड. एका वर्षी उकंडराव आजारी बायकोला घेऊन औरंगाबादेस दवाखान्यात अडकले. परतले तेव्हा दगड आपल्या बाजूला सरकले आहेत, मोठ्या भावाने धुरा कोरला आहे, असे त्यांनी पंचांपुढे सांगितले. मारुतीच्या पारावर बैठक बसली. गुलाबरावांनी देवाच्या पायांवरचा बेल उचलला आणि दगड होते तिथेच आहेत अशी शपथ घेतली. बेल उचलल्यावर विषय संपला. सरकारी मोजणी मागता आली असती. पण देवाने साक्ष दिल्यावर मोजणी मागणे म्हणजे देवालाच खोटे पाडणे, असे सगळ्यांनी मानले आणि उकंडरावांनीही ते मुकाट्याने मानले. तेव्हापासून गावात ते ‘खोटे उकंडराव’ झाले. त्यांना कोणी पंच म्हणून बोलावले नाही, कोणी साक्षीला घेतले नाही. त्यांच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांना कोणीतरी वाटेतच सांगितले, की घर बरे आहे, पण बाप थोरल्या भावावर खोटा आळ घेणारा आहे. ती सोयरीक फिसकटली.

“तो खरं बोलून राह्यला होता,” गुलाबराव म्हणाले. “दगड म्या सरकोले. बेल म्या खोटा उचलला.”

गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला.

“हे तुम्ही स्वमुखाने त्यांस का सांगत नाही?”

“जीभ रेटत नाही, महादू. जिता हावो तवर नाही रेटनार. रोज ठरोतो, अन् रोज तोंड पाडून बसतो. त्याले एकट्याले सांगून काय उपेग? त्याले तं ठाऊकच हाय. गावानं आयकाले पायजे. अन् गाव तुझं आयकते. मसणात सांगजो. साऱ्यायच्या समोर. पोरायले आधी सांगू नको, ते तुले बोलू देनार नाहीत.” मग बाजेवरचा तो हाडकुळा हात गुरुजींच्या मनगटावर आला. “अन् साध्या बोलीत सांगजो बे. त्या वांगेवाल्या पोरीले समजन असं. वचन दे.”

गुरुजींनी वचन दिले.

हरभरा सोंगणीला येण्याआधीच गुलाबराव गेले.

त्या सकाळी धोतर नेसताना गुरुजींनी ते वाक्य मनात मांडून पाहिले. गुलाबरावने धुरा कोरला आणि देवाची खोटी शपथ घेतली. त्या वाक्यात कोठेही आडोसा नव्हता. ‘कोरला’ हा शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात सभेत उच्चारला नव्हता. त्यांना वाटले, वेळ आली की जमेल. वाणीने आपल्याला आजवर दगा दिलेला नाही.

मसणवाट्यात गर्दी मोठी होती. राजकुमारने अग्नी दिला. बापासारखाच रुंद खांद्यांचा हा मुलगा ओल्या धोतराने शेडपाशी येऊन उभा राहिला. उकंडरावही आले होते. शेडखाली न बसता ते कडेच्या बाभळीपाशी, लोकांकडे पाठ करून, सरणाकडे पाहत उकिडवे बसले होते. एका तरुणाने गुरुजींचे भाषण टिपण्यासाठी मोबाईल वर धरला. गुरुजी उभे राहिले.

आरंभ नेहमीसारखा झाला. शब्द आपापल्या जागी येऊन बसत होते. दैवगती झाली, कृषिकर्म झाले, आतिथ्य झाले. मग ती जागा आली. गुरुजींनी राजकुमारकडे पाहिले, मग उकंडरावांच्या पाठीकडे. वाक्य ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात सरणातले एक लाकूड घसरले, ठिणग्या उडाल्या, मंडळींनी माना वळवल्या आणि पुन्हा गुरुजींकडे पाहिले. त्या शेकडो डोळ्यांत दुःखापेक्षा अपेक्षा अधिक होती. गुरुजींची जीभ वर्षानुवर्षांच्या मळलेल्या वाटेला लागली.

“तथापि मानवी जीवन गुणदोषसंमिश्र असते,” ते म्हणाले. “यौवनकाली सहोदराच्या क्षेत्रमर्यादेचे जे अतिक्रमण दिवंगताकडून घडले आणि देवतासंनिध जे अनृत उच्चारले गेले, त्याचा पश्चात्ताप त्यांच्या अंतःकरणास अहर्निश दग्ध करीत होता. त्या प्रसंगी सहोदराचेच वचन सत्य होते, हे त्यांनी मजपाशी अंतकाळी मान्य केले. अशा पश्चात्तापपूत आत्म्यास सद्गती लाभो.”

शेडखाली कोणीतरी “वा” म्हणाले. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. राजकुमारने हात जोडले. गुरुजींना एकदम हलके वाटले. वचन पाळले गेले होते. सत्यातील एकही अक्षर वगळले नव्हते, आणि कोणाच्या अंतःकरणाला ओरखडाही उमटला नव्हता. वाणीची ही केवढी कृपा, असे म्हणत त्यांनी मनोमन शास्त्रीबुवांना वंदन केले.

मसणवाट्याबाहेरच्या हातपंपावर माणसे हातपाय धूत होती आणि कडुलिंबाचा पाला चावून गावाकडे निघत होती. गुरुजी पायांवर पाणी घेत असताना उकंडराव जवळ आले. दोघांच्या वयात फारसे अंतर नव्हते, तरी उकंडराव नेहमीप्रमाणे अदबीने उभे राहिले.

“गुरुजी, ते शेवटी काय म्हनलं तुमी? क्षेत्राचं काहीतरी. मले वाटलं, माह्याबद्दल हाय का काय. मले समजलं नाही.”

गुरुजींच्या हातातले पाणी ओघळून गेले. त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर किंचितशी आशा होती आणि ती दिसू नये म्हणून तो माणूस दुसरीकडे पाहत होता. गुरुजींच्या मनात मघाचे हलकेपण होते, त्या जागी काहीतरी जड येऊन पडले. त्यांनी आजूबाजूला पाहिले. गर्दी पांगली होती. पंपाजवळ मोजकी माणसे उरली होती. त्यांत राजकुमार होता आणि मारुतीच्या देवळाचे जुने पंच म्हणून गावात मान असलेले इंद्रभानजी होते.

“थांबा,” गुरुजी म्हणाले. “जरा थांबा सगळे.” आणि थांबलेल्यांपुढे त्यांनी ते वाक्य उच्चारले, अडखळत, जणू परकी भाषा बोलत आहेत असे. “गुलाबरावने... धुरा कोरला होता. बेल खोटा उचलला. उकंडराव खरे बोलत होते. गुलाबरावने मला सांगितले. मसणात सांग म्हणाला.”

मग राजकुमार पुढे आला.

“गुरुजी, काय बोलून राह्यले तुमी? बाप जळून राह्यला माहा तिकडं.”

“मी तेथेही हेच सांगितले, बाळा. सभेत सांगितले.”

“कवा? आमी काय बहिरे होतो?” त्याने त्या मोबाईलवाल्या तरुणाला हाक मारून बोलावले. “लाव रे. लाव ते.”

मोबाईलमधून गुरुजींचा स्वर आला. तो स्वर भरदार होता, घडीव होता, आणि हातपंपाच्या चिखलाशेजारी ऐकताना गुरुजींना प्रथमच परका वाटला. सहोदराच्या क्षेत्रमर्यादेचे अतिक्रमण. देवतासंनिध अनृत. मंडळी कान देऊन ऐकत होती आणि एकमेकांकडे पाहत होती.

“हेच ते,” गुरुजी म्हणाले. “सहोदर म्हणजे भाऊ. क्षेत्रमर्यादा म्हणजे धुरा. अनृत म्हणजे खोटे.”

“आता तुमी जो सांगसान तो अर्थ,” राजकुमार म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण त्याखाली भीतीही होती. “मसणात धुरा म्हनायले काय झालं होतं? धुरा हा शब्द तुमाले येत नाही? का काकानं इथं येऊन कानात सांगतलं, अन् तुमाले आठोलं?”

“राजकुमार,” इंद्रभानजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “गुरुजीचं वय झालं. दोस्त गेला त्यायचा. चाल घरी.” मग गुरुजींकडे वळून, समजुतीच्या स्वरात, “तुमी लय मस्त बोलले होते गुरुजी. त्याच्यावर हे काऊन? तुमाले नाही शोभत.”

माणसे गेली. उकंडराव मागे राहिले. लिंबाची डहाळी ते हातात नुसती फिरवत होते.

“मले सांगतलं, बरं केलं,” ते शेवटी म्हणाले. “पन मले तं पह्यलेपासून ठाऊक हाय गुरुजी. तेवढा एक टाइम होता. सारं गाव बसेल होतं.” त्यांनी आवाज चढवला नाही. “आता लोक म्हनतीन, उकंडरावनं भावाच्या राखीवरही खोटं बोलोलं. तुमच्या तोंडून.”

घरी विमलबाईंनी आंघोळीचे पाणी काढून ठेवले होते. सगळे ऐकून त्या चुलीपाशी बसल्या. “माही माय गेली तवा तुमीच निरोप घेऊन आले होते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मातोश्री कालवश झाल्या, म्हनलं. मले समजलं नाही. म्या तुमच्यासाठी चहा ठेवला. चहा उकळेस्तोवर मले वाटत होतं, मायचं काहीतरी चांगलं झालं असन.”

“तू हे मला कधी सांगितले नाहीस.”

“तुमी तवा लय छान बोलले होते. तुमाले वाईट वाटलं असतं.”

त्यानंतरच्या दिवसांत गुरुजी पारावर गेले, की बोलणी दुसरीकडे वळत. कोणी उद्धट बोलले नाही. उलट सगळे अधिक सौजन्याने वागत, जसे भ्रमिष्टाशी वागतात. इंद्रभानजींच्या घरी जाऊन गुरुजींनी पुन्हा सांगून पाहिले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतले आणि “हाव, हाव” म्हणत वाटेला लावले. ‘भावाच्या राखीवरही’ हे शब्द मात्र उकंडराव म्हणाले होते तसेच गावात फिरू लागले होते. गुरुजींनी ते पिठाच्या गिरणीपाशी स्वतःच्या कानांनी ऐकले. गावाने त्यांचे शब्दांचे वैभव मानले होते. साधे वाक्य मानायला गाव तयार नव्हते. अहर्निश दग्ध करणे हे पद त्यांनी अनेकांच्या चितेपुढे वापरले होते. आता अन्न गोड लागत नाही, पूजेत मन लागत नाही, एवढेच त्यांना म्हणता येत होते.

राजकुमारने तेरवीला सगळ्या गावाला बोलावणे केले. गुरुजींच्या दारावरून त्याचा माणूस पुढे गेला. उकंडरावांना मात्र सुतकातला भाऊ म्हणून टाळता येत नव्हते.

“जाऊ नका,” विमलबाई म्हणाल्या. मग धोतर काढून देताना म्हणाल्या, “अन् जायचं असन तं जेवाले बसू नका. आधी बोला.”

मांडवात पंगत बसली होती. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी यांचे वाढप चालू होते. ध्वनिक्षेपकावर शेजारच्या गावाहून आलेले कोणी महाराज निरूपण करून नुकतेच खाली बसले होते. गुरुजी पंक्तींच्या मधल्या वाटेत जाऊन उभे राहिले. वाढप्याने वाट काढण्यासाठी बादली वर उचलली. राजकुमारने त्यांना पाहिले आणि तो लगबगीने येऊ लागला. गुरुजींनी नेहमीसारखे डोळे मिटले नाहीत, श्वास घेतला नाही.

“मंडळी, मी महादेव. गुलाबरावनं धुरा कोरला होता. बेल खोटा उचलला होता. उकंडराव खरं बोलत होता. मी मसणात हे नीट सांगितलं नाही. भ्यालो म्हणून मोठ्या शब्दांत लपवलं.”

“बसा गुरुजी,” पंगतीतून कोणीतरी त्यांचे धोतर ओढत म्हणाले. “जेवा.”

“बुंदी घ्या, बुंदी,” पलीकडच्या ओळीत वाढपी म्हणत होता. काही जण हसले. काहींनी माना खाली घालून घास घेतला. राजकुमारने त्यांचा दंड पकडला. त्याची बोटे थंड होती. “गुरुजी, पाया पडतो तुमच्या, चाला बाहीर,” तो दातांतून म्हणाला. इंद्रभानजींचा हात मात्र पत्रावळीवर थांबला होता. ते गुरुजींकडे पाहत नव्हते, ते राजकुमारच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

गुरुजी हलले नाहीत. दंड त्या पकडीत असतानाच त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले, पहिल्यापासून, त्याच साध्या शब्दांत. आणि स्वर कापत असल्यामुळे ते आधीपेक्षा वाईट उमटले. शेवटच्या ओळीत उकंडरावांनी हातातला घास खाली ठेवला आणि ते पाण्याचा गडू घेऊन उठले. मांडवातून बाहेर पडण्याची वाट गुरुजींच्या शेजारूनच जात होती. ते तेथवर आले आणि पुढे गेले नाहीत. राजकुमारच्या आणि गुरुजींच्या मधोमध, गडू हातात धरून, पंगतीकडे तोंड करून उभे राहिले.

“गुरुजी,” ते म्हणाले, “अजून एक डाव म्हना. मागच्यायले आयकू गेलं नाही.”